धुऱ्यावरची धामण

खोली दाखवायच्या आधी काकाजींनी मला एकच गोष्ट विचारली. नवरा कुठे असतो, खाणंपिणं काय, पाहुणे किती येतात, यातलं काही नाही. ओसरीत खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमाले भांडता येते का?"

मी नागपूरची. माझ्या जिभेला हाड नाही, हे सर्टिफिकेट सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी देऊन ठेवलेलं. तरी असा प्रश्न समोरून आला की माणूस गडबडतो. मी म्हटलं, गरज पडली तर येतं. "पडन गरज," असं म्हणून ते किल्ली आणायला आत गेले.

माझी बदली तेव्हा पवनीजवळच्या एका पुनर्वसनाच्या गावात झाली होती. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि लोकांना वर मुरमाच्या उंचवट्यावर प्लॉट पाडून दिले. सरळ रस्ते, सारख्या मापाची अंगणं, आणि भर दुपारी सावली शोधायची तर ती स्वतःच्या पायाखाली. नवरा नोकरीपायी नागपुरात, मुलगी तिकडेच कॉलेजात. शाळा सुटली की मला बोलायला भिंतीशिवाय कोणी नसायचं. तेव्हा हे भांडण विचारणारे घरमालक मला बरेच वाटले, खोटं कशाला बोलू.

राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी नळावर बायकांनी मला घेरलं. एकट्याच का, साहेब कधी येतात, भाजी कोणती केली, असं सगळं झाल्यावर एकीनं हळूच विचारलं, बुढ्याची धामण पाहिली का? मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दुसरी म्हणाली, पोटच्या पोरीसारखी पाळली आहे. तिसरी म्हणाली, रोज पाणी पाजतो, दोरीनं बांधून ठेवतो, उन्हाळ्यात अंगावर पोतं पांघरतो, आणि आमच्याशी बोलत नाही तेवढं तिच्याशी बोलतो. सगळ्या इतक्या साळसूद चेहऱ्यानं सांगत होत्या की मला जराही शंका आली नाही. धामण म्हणजे साप, एवढंच मला ठाऊक. शेतातले उंदीर खाते, विषारी नसते, हे मी चौथीच्या मुलांना कितीदा शिकवलेलं. पण शिकवणं वेगळं आणि तिच्या शेजारच्या खोलीत झोपणं वेगळं.

मी बादली नळाखालीच सोडली आणि पवनीच्या एका ओळखीच्या मास्तरांना फोन लावला. त्यांनी साप पकडणारा माणूस पाठवला. तो मोटारसायकलवर काठी अन् बरणी घेऊन आला, मागे अर्धं गाव. काकाजींनी काही न विचारता त्याला घराच्या बाजूला नेलं, एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे घे धामन. पकड."

धामण नावाचं झाड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. तो माणूस झाडाखाली बसून चहा पिऊन गेला, बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि माझं डोकं फिरलं. मी काकाजींना चांगलं फैलावर घेतलं. साऱ्या गावाला ठाऊक आहे तर मला सांगायला तोंड दुखत होतं का, बाईमाणूस एकटी राहते तर तिची अशी फजिती करायची असते का, आणि वर दात काढायचे, असं बरंच बोलले. काकाजी डोळे मिटून ऐकत होते. भजन ऐकावं तसे. मी थांबल्यावर डोळे उघडून म्हणाले, "येते तुमाले. चांगलं येते."

त्या दिवसापासून आमचं जमलं.

काकाजी सडपातळ, उंच, खांद्यावर कायम दुपट्टा. उजव्या खांद्यावर कावडीचा जुना घट्टा होता, सदऱ्याखालूनही दिसायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात, सून-नातवंडं फोनवर. ओसरीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, दर पौर्णिमेला हार बदललेला. स्वयंपाक स्वतःच करायचे आणि वाईट करायचे. दिवसभरात त्यांना खरं काम एकच, धामण.

झाड मोठं सुंदर होतं अशातला भाग नाही. पान हाताच्या पंजाएवढं, कडेला दातेरी, आणि देठापाशी एक बाजू मोठी, एक लहान. उन्हाळ्याच्या तोंडी बारीक पिवळी फुलं येत, पुढे पावसाळ्यात मिरीएवढी काळपट फळं, आंबटगोड. साल करडी. रस्त्यानं जाणारा थांबून पाहील असं त्यात काही नव्हतं. पण त्या उघड्याबोडक्या वसाहतीत तेवढं एकच झाड असं होतं की ज्याच्याखाली खाट टाकता यायची.

मुरमात झाड जगवणं सोपं नसतं, हे काकाजी मला हजारदा ऐकवायचे. पहारीनं खड्डा खणला, तो खणताना दोन पहारी वाकल्या. मुरूम बाहेर काढून आत तलावातला गाळ भरला, शेणखत टाकलं, वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरली. वाळवी लागू नये म्हणून चुलीतली राख आणि कडुनिंबाचा पाला. उन्हाळ्यात बुडाशी मडकं पुरायचं, त्याच्या बुडाला भोक पाडून चिंधी खोचायची, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं मुळाशी जातं. एवढं करूनही रोपटं पहिली दोन-तीन वर्षं जागचं हललं नव्हतं. लोक म्हणाले वाळलं, उपटून टाक. काकाजी नखानं साल खरवडून पाहायचे आणि आत हिरवं दिसलं की निर्धास्त व्हायचे. ते म्हणायचे, नवीन जागी माणूसही आधी गप्पच राहते.

इथवर कोणीही शहाणा माणूस करील. पुढचं मात्र काकाजींनीच करावं. झाड त्यांनी अंगणाच्या मध्ये लावलं नव्हतं, कोपऱ्यात लावलं नव्हतं. शेजारच्या प्लॉटच्या हद्दीवर, अगदी दगडाला लागून लावलं होतं. इतर लोक रोपट्याला बांबू देतात ते सरळ वाढावं म्हणून. काकाजींनी दिला होता ते वाकडं वाढावं म्हणून. आपल्या बाजूनं बांबूचा टेकू लावून ढकललेलं, आणि पलीकडे खुंटी ठोकून दोरीनं ओढलेलं. आपल्या अंगाच्या फांद्या कोवळ्या असतानाच छाटायच्या, पलीकडच्या वाढू द्यायच्या. पाण्याचं मडकंसुद्धा पलीकडच्या अंगाला पुरलेलं. मी विचारलं तर म्हणाले, मूळ तिकडे गेलं पाहिजे.

आणि शेजारचा प्लॉट रिकामा. त्याचा मालक नागपुरात नोकरीला, इकडे फिरकत नसे. तिथे रानतुळस, तरोटा आणि गावातल्या शेळ्या. तरी रोज सकाळी दात घासून झाले की काकाजी हद्दीच्या दगडापाशी उभे राहायचे आणि त्या रिकाम्या जागेला खणखणीत आवाजात सुनवायचे, की पाला पडला आहे तर झाडून घे, मी झाडणार नाही; आणि फांदीला हात लावशील तर याद राख. शेळ्या मान वर करून पाहायच्या. एकदा मी न राहवून म्हटलं, काकाजी, तिकडे कोणी नाही हो. "मालूम हाय मले," ते म्हणाले. "पन सवय मोडते ना."

ही सवय कुठली, ते मला हळूहळू कळलं. काकाजी कोणतीही गोष्ट सुरुवातीपासून सांगत नसत. दोरी सैल झाली म्हणून गाठ मारता मारता एक तुकडा, तणस पसरता पसरता दुसरा. तो मी जोडून सांगते.

जुन्या गावात त्यांची धानाची शेती होती, वडिलांनी काबाडकष्ट करून घेतलेली. तिकडे भाताच्या बंदिस्त वावराला बांधी म्हणतात, आणि दोन मालकांच्या वावरांमधली हद्द म्हणजे धुरा. काकाजींच्या धुऱ्यावर धामणीचं जुनं झाड होतं. पलीकडचं वावर गावातल्या एका जुन्या कुणबी घरचं. तिथला मालक काकाजींच्याच वयाचा. त्याचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते त्याला 'धुऱ्यावाला' म्हणायचे, आणि नुसतं 'थो', म्हणजे 'तो', म्हणाले की हाच.

धामणीचं लाकूड भारी चिवट. वाकतं, मोडत नाही. कावड करावी तर त्याची, कुऱ्हाडीचा दांडा घालावा तर त्याचा. त्यामुळे झाड कोणाचं यावरून दोघांचं ऐन तारुण्यात जुंपलं ते कधी सुटलंच नाही. काकाजींनी फांदी तोडली की तो धावून यायचा. त्यानं तोडली की हे. मोजणी आणली, तर हद्दीची खूण नेमकी बुंध्याच्या मधोमध आली. मोजणीवाला म्हणाला, आता करवत आणा. दोघांनी मिळून त्यालाच शिव्या दिल्या.

रोज सकाळी दोघंही धुऱ्यावर हजर. आधी भांडण. घसा सुकला की दोघं झाडाखाली बसायचे, हा या अंगाला, तो त्या अंगाला, मध्ये बुंधा. तंबाखू काकाजींची, चुना त्याचा. मग कोणाचा बैल दुखणाईत आहे, कोणत्या बांधीत पाणी थांबत नाही, पोरीला स्थळ कुठलं आलं, हे सगळं बोलणं व्हायचं. तोंड मात्र कोणी कोणाकडे करायचं नाही. त्याची धाकटी पोरगी बाळंतपणात गेली, हे गावाच्या आधी काकाजींना धुऱ्यावर कळलं. आणि काकाजींची बायको गेली तेव्हा तो घरी आला नाही. गावात त्याची आळी वेगळी, ह्यांची वेगळी. तो ह्यांच्याकडे कधी आला नव्हता, हे त्याच्या घरी कधी गेले नव्हते, दोघांच्या बापांचंही तसंच. पण काकाजी मौतीनंतर पहिल्यांदा वावरात गेले, तर तो धुऱ्यावर वाट पाहत उभा. म्हणाला, तुझी फांदी माझ्या धानावर आली आहे. मग दोघं दुपारपर्यंत भांडले.

 हे सांगताना काकाजींनी दोरीची गाठ पुन्हा सोडली आणि पुन्हा मारली.

पुढे धरण आलं. मोबदल्यासाठी कोणाच्या वावरात कोणती झाडं, हे मांडायला साहेब आला. धामणीपाशी येऊन त्यानं विचारलं, हे कोणाचं? दोघंही एकदम ओरडले, माझं. साहेबानं दोघांचं थोडा वेळ ऐकलं, घाम पुसला, आणि ते झाड न मांडताच पुढे गेला. त्यामुळे ते कोणाच्याच नावावर नसताना पाण्याखाली गेलं. गाव उठलं तेव्हा अर्धे लोक इकडे आले, अर्ध्यांनी नदीपलीकडची जागा घेतली. धुऱ्यावाला पलीकडे गेला. निघायच्या आधीच्या पावसाळ्यात काकाजींनी धामणीच्या मुळाला फुटलेला एक कोंब मातीच्या गोळ्यासकट खोदून आणला होता. तो हा.

मी एकदा सहज म्हटलं, शेजारी चांगला मिळायला नशीब लागतं. काकाजी लगेच म्हणाले, "ज्याच्यासंग भांडन नाई, थो शेजारी नाई मॅडम. थो फकस्त बाजूले रायते."

आता तुम्ही म्हणाल, मग एकदा उठून जावं आणि भेटून यावं. मीही तेच म्हटलं. ऑटोनं फार तर तासभराचा रस्ता. काकाजींनी मला विचारलं, "कोन्त्या कामानं जाऊ?" मी म्हटलं, काम कशाला हवं, भेटायला जा. "भेटाले?" त्यांनी तो शब्द असा उच्चारला की जणू मी त्यांना लंडनला जा म्हणत होते. ते म्हणाले, आम्ही भेटायला कधी गेलोच नाही, आम्ही वावरात जायचो. आता वावर नाही, धुरा नाही. उभं राहायचं कुठे, अन् तोंड उघडायचं कशावरून?

पण अगदीच अबोला होता असं नाही. एक मासोळीवाली होती, धरणाच्या पाण्यातले मासे घेऊन दोन्ही वसाहतींत फिरायची. जाड, बडबडी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत बाळ दचकून उठावं. तिच्या टोपलीत माशांबरोबर शिव्या यायच्या. धुऱ्यावाला सांगून पाठवायचा, माझ्या अंगाचा कोंब खोदून नेला, चोर आहे. काकाजी उलट निरोप द्यायचे, कोंब माझ्या बाजूचा होता, डोळे फुटले असतील तर येऊन बघ. तिकडून यायचं, येतो बघायला, तुझी तंगडीच तोडतो. मासोळीवाली हे सगळं मीठमसाला लावून सांगायची. ज्या दिवशी निरोप यायचा त्या दिवशी काकाजी गरजेपेक्षा जास्त मासे घ्यायचे, अर्धे मला द्यायचे आणि संध्याकाळी शीळ घालायचे.

त्यांना आयुष्यात एवढंच हवं होतं, की धुऱ्यावाल्यानं एकदा इथे यावं, झाड आपल्या डोळ्यांनी पाहावं, आणि ते माझं आहे म्हणून अंगावर यावं. म्हणून तो वाकडा बांबू, म्हणून ती ओढलेली दोरी. काकाजी झाड वाढवत नव्हते, धुरा तयार करत होते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला त्यांचं हसू येणं बंद झालं.

मधल्या काळात शेजारच्या प्लॉटचा मालक निवृत्त होऊन घर बांधायला आला. ही बातमी लागल्यावर काकाजींची लगबग पाहायची होती. दाढी केली, पांढराशुभ्र सदरा घातला, आणि मला समोर उभं करून रंगीत तालीम घेतली. म्हणजे मी मालक व्हायचं, फांदी तोडा म्हणायचं, आणि त्यांनी उत्तर द्यायचं. मी मन लावून भांडले. म्हटलं, इतक्या दिवसांनी का होईना, ह्या माणसाला शेजारी मिळतोय.

मालक आले. गोरेगोमटे, हसतमुख, बोलणं मऊ. काकाजींनी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, वा काका, किती छान झाड लावलंत, राहू द्या बरं, आमची गाडी सावलीत राहील. पाला पडतो, काकाजींनी आठवण करून दिली. पडू द्या हो, मी झाडून घेईन. मुळं भिंतीत घुसतील. घुसू द्या, भिंत सरकवू. काकाजी हताश होऊन माझ्याकडे पाहायला लागले. मग मालकांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांचा मुलगा जर्मनीत. तिकडच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी लिंडनची झाडं असतात, पान अगदी ह्याच्यासारखं, फुलं आली की सारा रस्ता घमघमतो, मुलानं फोटो पाठवलाय. काकाजींनी फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, तिकडे ह्या झाडावरून कोण भांडतं? मालक म्हणाले, कोणी नाही काका, ती नगरपालिकेची असतात. काकाजींनी मोबाइल परत दिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी पोळी-भाजी घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, माणूस चांगला आहे. इतकं दुःखानं कोणाला चांगलं म्हणताना मी ऐकलेलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात धुऱ्यावाल्याचे निरोप थांबले. मासोळीवाली म्हणाली, तो आता दाराशी येत नाही, खाटेवर असतो, दिसतंही कमी. काकाजी तिला दर खेपेला विचारायचे, काही म्हणाला का? ती मान हलवायची. एकदा तर त्यांनी दुप्पट मासे घेऊन विचारलं, की चोर वगैरे काहीच नाही म्हणाला का? त्या बाईलाही कसंसं झालं असावं. तिनं नेहमीच्या बडबडीऐवजी टोपली उचलली आणि गेली.

आणि मग उन्हं तापायला लागली त्या सुमारास, एका सकाळी ती रस्त्यावरूनच हाका मारत आली. धुऱ्यावाला येतो म्हणाला आहे. पोराला सांगून ठेवलंय, रविवारी ऑटो करून यायचं. धामण पाहायची म्हणतो.

 काकाजी तसेच उठले, आणि रविवारपर्यंत त्यांना मी बसलेलं पाहिलं नाही. दोरी नवी बांधली. बांबूचा टेकू आणखी रेटला. बाजूचे मालक बिचारे पाला झाडायला निघाले तर त्यांच्या हातातला खराटा काढून घेतला, पाला तसाच राहू दे म्हणाले. पवनीच्या बाजारातून तंबाखू आणली. चुना आणला नाही. मी आठवण करून दिली तर माझ्यावर डाफरले, चुना त्याचा असतो. तो काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं, हे स्वतःशी पुटपुटणं चालू. मला म्हणाले, मॅडम, आवाज चढला तर मध्ये पडू नका.

रविवारी ऑटो दारात थांबला. मुलानं हात धरून बापाला उतरवलं. मी खिडकीतून पाहत होते. मला वाटलं होतं कोणी आडदांड मिशीवाला असेल. उतरला तो पाखरासारखा म्हातारा, स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, आणि हातात पिशवी. पिशवीत केळी आणि बिस्किटांचा पुडा. काकाजींनी ती पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. केळी घेऊन भांडायला कोणी येत नसतं.

"ये गा," काकाजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार. पाहुणा दारात आला की माणसाचे हातपाय बांधले जातात. त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. त्यानं ते सावकाश सगळं संपवलं. मी चहा केला, तोही घेतला. दोघं पहिल्यांदाच एका छपराखाली बसले होते. काकाजींनी तंबाखूची डबी काढून पुढे सरकवली. तो म्हणाला, सोडली, डॉक्टरनं मना केलं. काकाजींनी डबी परत खिशात घातली.

मग ते त्याचा हात धरून त्याला झाडापाशी घेऊन गेले. त्याला नीट दिसत नव्हतं. त्यानं बुंध्यावरून हात फिरवला, एक पान तोडून बोटांनी चाचपलं, वास घेतला. काकाजी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, आणि मनात म्हणत होते, बोल रे बाबा, काहीतरी वाकडं बोल.

तो काही बोलेना, तेव्हा काकाजींनीच सुरुवात केली. म्हणाले, बघ, तुझ्या बाजूला किती झुकली आहे. तो नुसता हसला. काकाजींनी आवाज चढवला. "चोरूनच आनला मी कोंब. तुह्या अंगाचा होता थो. म्हन ना काही."

"नाई गा," तो हळू म्हणाला. "झाड तुहंच होतं. तुह्या बापानं लावलं होतं थे. माह्या बापानं मरतानी मले सांगतलं होतं."

 काकाजी म्हणाले, "मंग जिंदगीभर काहून भांडलास?"

"भांडलो नसतो, त धुऱ्यावर कायले आलो असतो?"

बाजूच्या प्लॉटमध्ये पाल्यावर वारा खसखसला. काकाजींनी एकदम त्याचे दोन्ही हात पकडले आणि घाईघाईनं सांगू लागले, की अर्धं तुझं राहू दे, मी कुठे सगळं मागतोय, मोजणीत खूण मधोमधच आली होती ना, मग अर्धं तुझंच, तू म्हण अर्धं माझं आहे. त्यांचा आवाज विनवणीचा झाला होता. ह्या माणसानं आयुष्यात कोणाला विनवलं असेल असं मला वाटत नाही.

पण तो थकला होता. त्यानं हात सोडवून घेतले आणि जोडले. म्हणाला, आता कोणाचं काही ठेवायचं नाही, चुकलंमाकलं माफ कर. मुलानं त्याला धरून ऑटोत बसवलं. निघताना त्यानं टोपी सारखी केली आणि काकाजी उभे होते त्या दिशेला मान लववली, थोडी चुकीच्याच बाजूला. त्याला दिसत नव्हतं.

ऑटो वळणावरून गेला तरी काकाजी रस्त्यातच उभे होते. मी जवळ गेले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, चला, निकाल तर तुमच्या बाजूनं लागला. ते ओसरीच्या पायरीवर येऊन बसले, दुपट्टा तोंडाशी धरला आणि रडायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"थो त मोकळा होऊन गेला, मॅडम," ते म्हणाले. "पन मले काहून जितवलं त्यानं?"